आजींचा फुकटचा खेळ

सोमवार, ३ तारीख
नवं घर, नवा पेशंट. घर झकास, भरपूर उजेड. मला खिडकीची खोली दिलीय. मागच्या ठिकाणी जिन्याखाली झोपत होते. कामाला पाठवणाऱ्या ब्युरोच्या बाईंनी बजावलंय, रोजचं वहीत लिहायचं. औषध कधी दिलं, कूस कधी बदलली, सगळं. चौथी शिकलेय, तेवढं जमतं. पेशंट म्हणजे आजी. लकव्यानं उजवी बाजू गेलीय, वाचाही गेलीय. जाड चष्म्यामागे डोळ्यांतला हुकूम मात्र शाबूत. चादरीवर सुरकुती राहिली तर अशा बघतात! म्हटलं, चला, या वयात परत सासू मिळाली.

मंगळवार, ४
आजींच्या लेकीनं टॅबलेटवर खेळ घालून दिला. तुकडे जुळवायचे, चित्र करायचं. डॉक्टरांनी बोटं हलवायला सांगितलीत आणि खेळ फुकट आहे म्हणाली. सुरू करताना मुंगीएवढ्या अक्षरांत पानभर काहीतरी, खाली ‘मान्य’चं बटण. आजींचं बोट कोरडं, काच घेईना. मग मीच माझा अंगठा दाबला. पेशंटच्या पावतीवर, कागदावर आम्ही असंच करतो. कोण बसतंय ताटकळत.
खेळ चांगला आहे, खोटं कशाला बोलू? तुकडे मोठे, घड्याळाची घाई नाही, चुकलं तरी ओरडत नाही. खोड एकच, जाहिराती. ऐन रंगात आलं की एक बाई दात काढत साबण विकायला येते. मेलीला दुसरं काम नाही.

बुधवार, ५
पहिलं चित्र डाव्या हातानं पुरं केलं आणि आजींची उजवी करंगळी हलली! लेकीला फोन केला, ती तिकडे कामावर रडायलाच लागली. डॉक्टर म्हणाले, खेळ सोडू नका.
माझी करंगळी बधिर झालीय. चादरी पिळल्या म्हणून असेल.

शुक्रवार, ७
आणखी दोन चित्रं झाली. आजींची आणखी दोन बोटं सुटली.
माझी तीच दोन गेली. उजव्याच हाताची. इस्त्री बोटाला टेकली, ते वास आल्यावर कळलं. लेक म्हणाली, मावशी, वय झालं, जपून. मी तोंडावर म्हटलं, वय तुझ्या आईचं झालंय. माझं अजून पोटापुरतं कमवायचं आहे, आणि ते या हातांवर.

शनिवार, ८
टॅबलेट कपाटात चादरींखाली ठेवला. आजींनी जेवणाला तोंडच उघडलं नाही. दिवसभर कपाटाकडे बघत होत्या.

रविवार, ९
खेळच काढून टाकला. लेकीनं परत घातला. तिला हात दाखवला, सरळ सांगितलं, आजींची बोटं सुटतात तशी माझी जातात. ती डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी सुई टोचली, मला काहीच लागलं नाही. शीर दबलीय म्हणाले. येताना लेक गाडीत हळूच म्हणाली, आई सुधारतेय हो मावशी, मोडता घालू नका.
ब्युरोला फोन केला. बदली बाई गुरुवारी मिळेल म्हणाले. पेशंट टाकून गेलात तर परत काम विसरा.

सोमवार, १०
आख्खा हात गेला. डाव्यानं लिहितेय, समजून घ्या.
आजींना माहीत आहे. तुकडा उचलला, माझ्या लोंबत्या हाताकडे बघितलं, आणि— लावला. सावकाश.

मंगळवार, ११
आजी बोलल्या. पहिला शब्द, ‘अजून’.
माझी जीभ जड. दाराकडे निघाले, उजवा पाय तिथंच राहिला. पडले. आज एकही जाहिरात आली नाही.

बुधवार, १२
आजी उठून चालल्या. लेकीनं मिठी मारली, पेढ्यासारखा गोड आवाज काढत होती. मला आजींच्या पलंगावर झोपवलं. मावशीला पण लकव्याचा अटॅक आला म्हणे, काय योगायोग. मी ओरडले. घशातून नुसती हवा.
दुपारी आजींनी माझी कूस बदलली. नीट बदलली. वही उशाशीच राहू दिली, वाचायला कोण येतंय.

गुरुवार, १३
बदली आली नाही. आजींनीच फोन करून नको सांगितलं, मीच बघते म्हणाल्या.
उजवी बाजू आली त्यांची. लकवा गेला. वाटलं, संपलं आता, खेळ ठेवतील—
आजींनी चष्मा काढून बाजूला ठेवलाय. नवीन चित्र लावलं. समोर खुर्चीत बसल्यात. निम्मं झालं.
ब्युरोच्या बाई, इथे कुणाला पाठवू— खिडकी पांढरी झाली— दुपारच आहे ना अजून— ओळ कुठे गे