सासूकडून आलेल्या शिरा

३ नोव्हेंबर, मंगळवार
पोटरीवर निळी शीर आलीय. दोरीसारखी फुगलेली! सासूबाईंना दाखवली. वाटलं घाबरतील, तर चेहरा उजळला. स्वतःचे पाय दाखवले – नुसत्या गाठी आणि वेटोळी. "आपल्या घराण्यातच आहे हो. माझ्या सासूबाईंना होतं, मला आहे, आता तुला." जणू ठेवणीतला दागिनाच दिला काढून!

५ नोव्हेंबर, गुरुवार
डॉक्टरीणबाईंकडे गेले. "उभ्यानं काम असतं का?" म्हटलं, छे, तिकीट खिडकीवर असते, दिवसभर बसून. "मग आईला होतं?" आईला नाही. सासूबाईंना. आणि त्यांच्या सासूबाईंना.

बाईंचं पेन थांबलं. "अहो, सासूचं सुनेला कसं येईल?"

खरंच की! तिघी तीन घरच्या. आणि नणंद, जी रक्ताची, तिचे पाय कसे गुळगुळीत! लग्न होऊन गेली ना ती.

"घरी काय करता?" उभी असते. "का?" मामंजी असतात म्हणून. बाईंनी चष्मा काढला. मग सगळं सांगावं लागलं. आमच्याकडे पूर्वापार घरातल्या कर्त्या पुरुषासमोर बायको-सुना बसत नाहीत. एवढंच. पण मामंजी निवृत्त झाल्यापासून सदा बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत, आणि दारातून स्वयंपाकघर थेट खुर्चीसमोर. म्हणून आम्ही भाजीही उभ्यानंच निवडतो. सासूबाई फ्रिजला टेकतात. तिथला रंग गेलाय, बरोबर खांद्याच्या उंचीवर. मला ओट्याचा कोपरा दिलाय. "आधी एका पायावर भार टाकायचा, मग दुसऱ्यावर. डुलकी लागली तरी पडत नाही," असं त्यांनीच शिकवलं.

बाई हसल्या नाहीत. "रोज पाय वर करून पडा. शिरेत रक्त साकळलं, गाठ छातीत गेली, तर जिवावर बेतेल."

८ नोव्हेंबर, रविवार
घरात सभा. मामंजी अंघोळीला गेलेले, तरी आम्ही दोघी उभ्याच! सवय. म्हटलं, त्यांना सांगून टाकू या का? नवरा म्हणाला, "बाबांना काय वाटेल!" सासूबाई म्हणाल्या, "या वयात त्यांना दुखवायचं?" झालं. मग नवऱ्यालाच सुचलं – "नियम बसण्याचा आहे. आडवं पडण्याबद्दल कोण काय बोललंय?"

सासूबाईंनी बराच विचार केला. "नाही. तसं कुणी म्हटलेलं नाही."

९ नोव्हेंबर, सोमवार
स्वयंपाकघरात चटई टाकली, पाय उशांवर. "अगं, पाय त्यांच्याकडे नकोत!" फिरले. "डोकंही नको. नजरानजर झाली, हाक मारली, की उठावं लागेल." शेवटी तिरकी पडले. पोटावर ताट ठेवून मटार सोलले. सासूबाई मला ओलांडून ये-जा करत होत्या.

११ नोव्हेंबर, बुधवार
आज सासूबाईही आडव्या! "इथं वर जाळी झालीयेत की गं," म्हणाल्या. इतकी वर्षं मान वर करून बघायला सवड नव्हती बहुतेक. तेवढ्यात नणंद आली आणि दारातच किंचाळली. दोघी जमिनीवर, डोळे छताकडे!

"काय झालं गं आई?"

"काही नाही. जरा बसलोय."

१४ नोव्हेंबर, शनिवार
शिरेचा ठणका कमी. सूज उतरून सासूबाईंच्या घोट्यांची हाडं दिसायला लागली! त्या ती पुन्हा पुन्हा चाचपून बघतात.

१६ नोव्हेंबर, सोमवार
मामंजींचा डावा पाय सुजून खांब झालाय. दुपारपासून धाप. रिक्षानं दवाखान्यात नेलं. हे काय भलतंच!

१७ नोव्हेंबर, मंगळवार
गाठ मामंजींच्या पायात निघाली. एका जागी बसून बसून. वेळेत आणलं म्हणून वाचले.

डॉक्टरीणबाई कडाडल्या, "काका, अधूनमधून उठायला काय होत होतं?"

मामंजी चादरीकडे बघत म्हणाले, "मी आत गेलो की ह्या दोघी ताडकन उभ्या राहतात. म्हटलं, आपण हलूच नये, बसू देत बिचाऱ्या आत निवांत. खुर्चीतून मला इतक्या लांबचं कुठे दिसतंय?"

सासूबाई तिथंच, त्यांच्यासमोर, मटकन खाली बसल्या.