जोखमीच्या अधीन गाऱ्हाणं

नाहूर, सोमवार

तीर्थस्वरूप दशरथदादांना आणि चंपावहिनींना वनमालेचा नमस्कार.

दादा, तुमचा गुडघा आता बरा आहे, काजूच्या बागेपर्यंत काठीशिवाय जाऊन येता, असं वहिनींनी कळवलं. फार बरं वाटलं. म्हैस व्यायली का? आमच्याकडे सगळं ठीक आहे. (म्हणजे कुणी आजारी नाही. बाकीचं पुढे येतंच आहे.) फोन का केला नाही म्हणून रागावू नका. तुम्हाला ऐकू कमी येतं, मी ओरडून बोलले की समोरच्या दारातल्या नंदाला सगळं ऐकू जातं, आणि हे पत्र तिच्याबद्दलच आहे.

प्रीतम नेमकं करतो काय, असं तुम्ही मागे विचारलं होतं. हे वारल्यावर बरेच दिवस मलाही कळत नव्हतं. नोकरी सोडून तो आतल्या खोलीत संगणकाचे तीन-तीन पडदे लावून बसायचा आणि शेअर बाजारात ऑप्शनचे सौदे करायचा. मग मी मुलुंडच्या वाचनालयातून पुस्तक आणून वाचलं. (पुस्तक देताना तिथल्या बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.) मला समजलं ते असं: झाडाला मोहोर असतानाच आंबा अमुक भावाने घ्यायचा हक्क थोडे पैसे देऊन बांधून ठेवायचा. भाव चढला तर मजा, नाहीतर दिलेले पैसे गेले. फरक एवढाच की इथे आंबा कुणालाच नको असतो. सौद्यांची मुदत संपायच्या दिवशी घरात शिंकायचीही चोरी. अशाच एका दिवशी कुकरची तिसरी शिट्टी झाली, हा दचकला, बोट भलत्याच बटणावर पडलं आणि भरपूर फायदा झाला. झालं! तेव्हापासून दर आठवड्याला त्या दिवशी तीन शिट्ट्या हव्यात. दादा, मी नुसतं पाणी घालून शिट्ट्या काढल्यात हो. पुढे एकदा कुकरचं रबर सैल झालं, शिट्ट्या दोनच झाल्या, आणि त्या दिवशी कमावलेलं सगळं गेलं. नवं रबर आणायचं सोडून त्याने कंपनी काढली. म्हणाला, "आई, खेळणाऱ्याचं काही खरं नसतं. मैदानवाल्याला भाडं मिळतंच. कोण हरला, कोण जिंकला, आपल्याला काय?" घाटकोपरचा राजेश भागीदार, अंधेरीला काचेचं ऑफिस, आणि लोकांनी फोनवरून सौदे करायचे ते ॲप. प्रत्येक सौद्यामागे कंपनीची दलाली.

उद्घाटनाला तुम्हाला बोलवायची कल्पना माझीच. नवं काम, घरातला वडीलधारा माणूस, देवाला गाऱ्हाणं घालायलाच हवं. तुम्ही ह्यांच्या फोटोसमोर नारळ ठेवून रवळनाथाला हाक मारलीत, "जो कोण हेच्या दारात येयत, तेचो येक पैसो बुडाक देव नको रे म्हाराजा!" आणि गळ्यात ओळखपत्राच्या पट्ट्या घातलेली ऑफिसातली ती सगळी पोरं, त्यातल्या निम्म्यांना मराठी येत नाही, बेंबीच्या देठापासून ओरडली, "होय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज माझा होता. ॲपवरच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की असे सौदे करणाऱ्या दहांतल्या नऊ जणांचा तोटा होतो. ते मी आदल्या दिवशी वाचलं होतं, दादा. वाचूनही ओरडले.

जाहिरातीचं काम बघणाऱ्या निधीने त्याचं चित्रण करून फोनवर सोडलं. भांडुप, कांदिवली, जिथे म्हणून आपली माणसं आहेत तिथे ते पोचलं आणि खाती उघडायला रांग लागली. देवासमोर शब्द दिलाय म्हटल्यावर कोण थांबतंय! कंपनीचा वकील मात्र घाबरला. तोटा होणार नाही असं दलालाला म्हणता येत नाही म्हणे. राजेश मला म्हणाला, "आंटी, अंकलना सांगा ना, तोट्याचं काढून परत बोला. देवाला काय, चालेल." मी नाही म्हटलं. मग त्यांनी चित्राखाली मुंगीएवढ्या अक्षरांत ओळ टाकली, 'हे गाऱ्हाणे बाजारातील जोखमींच्या अधीन आहे.' रवळनाथाने ती वाचली असेल का?

नंदाने तर वाचली नाहीच. तिने लेकीच्या, सईच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी साठवलेलं त्यात घातलं आणि गेलं. ती भांडली असती तर मी ऐकून घेतलं असतं. ती आली ती घावणे घेऊन. म्हणाली, "वनमालाताई, चूक माझीच गं. दादांनी तुमच्या रवळनाथाला हाक मारली, आमच्या गावच्या देवीचं, नवलाईचं नाव कुठे घेतलं? मग मला कसं लागू होणार?" दादा, मला कुठे बघावं कळेना. प्रीतमला सांगितलं तर म्हणतो, "आई, आपण फक्त दलाली घेतली." त्याच दलालीतून घरात नवा सोफा आला आहे. मी खाली बसते. जिन्यात नंदाची चाहूल लागली की दाराआड थांबते. हे असते तर त्यांनी एव्हाना तिच्या दारात जाऊन हात जोडले असते. ह्यांचा फोटो त्या ऑफिसात दाराशीच लावला आहे. पैसे बुडालेला माणूस आधी ह्यांना बघतो, मग आत जातो.

आता प्रीतम बोरिवलीला दुसरं ऑफिस उघडतोय आणि गाऱ्हाण्याला पुन्हा तुम्हीच हवेत. तुम्ही माझा शब्द मोडत नाही, म्हणून त्याने मला लिहायला सांगितलं. एसीचं तिकीट पाठवतोय. या वेळी नवलाईचंही नाव घ्यावं अशी नंदाची विनंती आहे. मग ती बांगड्या मोडून पुन्हा सौदे करणार आहे. तरी अवश्य यावे. लहानांना आशीर्वाद.

तुमची,
वनमाला

ता. क. तुमचा गुडघा दुखतो आहे. वर बरा आहे असं लिहिलं ते विसरा. रविवारी प्रीतमचा फोन येईल तेव्हा चांगला सुजला आहे म्हणून सांगा, आणि वहिनींना मागून कण्हायला सांगा. (तुम्ही कण्हलात तर त्याला खोटं वाटेल.)

आणखी ता. क. वहिनींना खोटं बोलवणार नाही, हे मला लिहून झाल्यावर आठवलं. तेव्हा या. पण नारळ ठेवलात की एवढंच म्हणा, "बा देवा म्हाराजा, आई नवलाई, ह्या पोराच्या दुकानाक कुलूप लागांदे, तेका खंयतरी बरी नोकरी मेळांदे, आणि नंदाची काकणां नंदाच्या हातात ऱ्हवांदे." निम्म्या पोरांना मराठी कळत नाही, ती ओरडतीलच. प्रीतमला कळेल. नंदाला मी शेजारी उभी करते, तिलाही कळू दे. ह्यांनी जन्मभर कधी आवाज चढवला नाही, तेव्हा ह्यांच्या वाटणीचं "होय म्हाराजा" मीच म्हणेन.