शालूची जट

३० नोव्हेंबर १९३४, शुक्रवार
मुदतीचा ताप उतरला, पोर वाचली — आणि आता हे! शालूच्या मानेमागे केसांचा गोळाच झाला आहे. इतके दिवस उशीवर डोकं घासून दुसरं काय होणार? पण ह्यांच्या आत्याबाई म्हणाल्या, “जट हाय ते. देवीनं पोरगी मांगतली. फणी लावशीन तं खबरदार!”

पौर्णिमेला गळ्यात कवड्यांची माळ घालायची म्हणतात. मग लग्न नाही, घर नाही. आत्याबाईंसारखी डोक्यावर जट वागवत, परडी घेऊन दारोदार जोगवा मागायचा. त्यांना सातव्या वर्षी माळ घातली. शालूला आठवं लागलं आहे.

ह्यांना विचारलं. “देवीच्या कामात मी काय बोलू?” पाटाच्या पाण्यासाठी भावकीशी तंडतात, इथे दातखीळ!

४ डिसेंबर, मंगळवार
आत्याबाई जोगव्याला गेल्या. दार लावून घेतलं. जवसाचं तेल कोमट करून जिरवलं. केस मुळाशी मुठीत धरायचे, म्हणजे हिसका बसत नाही. मग टोकाकडून, गोधडीच्या सुईने, एकेक केस.

“माय, देवी रागावन का?”

“रागावली तं माह्यावर रागावन.”

बोलले खरी. आणि सुई पुन्हा केसात घातली.

७ डिसेंबर, शुक्रवार
बोटभर सुटलं.

११ डिसेंबर, मंगळवार
शालू रडली नाही, मीच रडले. तिच्या डोक्याला फडकं बांधून ठेवते. थंडी लागते म्हणून सांगते. देवी, तुझं काही चोरत नाही गं मी. माझंच आहे ते.

१८ डिसेंबर, मंगळवार
सुटली! सगळी सुटली! दोन वेण्या घातल्या. आनंदात कडी लावायची राहिली, आणि आत्याबाई लवकर परतल्या. परडी हातात, उंबऱ्यातच उभ्या. मग जवळ आल्या आणि वेणीवरून बोट फिरवलं, पार शेवटापर्यंत. आता शाप देतात म्हणून मी शालूला पोटाशी धरलं. त्यांनी परडी कोपऱ्यात ठेवली आणि आत गेल्या. रात्री जेवल्या नाहीत.

२० डिसेंबर, पौर्णिमा
“जट नाई तं माळ कायची?” एवढंच म्हणाल्या. शालू सुटली.

२१ डिसेंबर, शुक्रवार
आत्याबाई आज जोगव्याला गेल्या नाहीत. माझ्यापुढे पाठ करून बसल्या, डोक्यावरचा पदर काढला. “माही सुटते का, पाह्य.”

दुपारभर तेल घातलं. सुई आत शिरत नाही. शेवटी हात थांबला.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. मग पदर पुन्हा डोक्यावर ओढत — “मले बी तापच आला होता. माह्या मायनं काहून नसन केलं हे?”