येलदरीची शाळा आणि मानवतचे पाहुणे

शनवार, १८ एप्रिल,
आखितीच्या तोंडावर

चिरंजीव गोपाळ आणि सूनबाई राजेश्री, दोघांना आईचा पोटभर आशीर्वाद. इकडं मी, तुमची प्रियांका आणि म्हैस, समदे खुशाल हाव. तुमची खुशाली कळवा.

तर पहिल्यांदा आले ते जीपवाले. मानवतचे मागून आले. हे आधीच सांगून ठेवते, कारण शेजारची पार्वतीबाई गावभर उलटं सांगत फिरायलीय, आणि तिचाच जावई उद्या तुमच्याकडं वाळूजला यायलाय. हे पत्र बी त्याच्याच हाती देणार हाय, दुसरं कोण न्हाई. त्याचं ऐकू नको, माझं वाच. फोनवर सांगितलं असतं, पण तू दोन बोलाच्या पुढं थांबतोस कुठं? "बरं आई, शिफ्ट हाय" की ठेवलास. पत्राला शिफ्ट नसते. अक्षर वाकडंतिकडं हाय ते चालवून घे. दुसरीपसून शाळा सुटली माझी, तुला ठावं हाय.

तू सांगितलंतंस की गुरवारी प्रियांकाला बघायला मानवतचे पाहुणे येतेत. प्रियांका बी म्हणायलीती की गुरवारी तिच्या शिबिराचे लोक घर बघायला येतेत. दहावीचा पेपर झाल्यापसून त्या पोरीला एकच ध्यास, सुट्टीत सिनेमा करायला शिकायचं. बघायला न्हाई, करायला. मी तुला बी बरं म्हणले, तिला बी बरं म्हणले. पण माझ्या डोक्यात गुरवार एकच राहिला आणि पाहुणे बी एकच राहिले. आता त्यात माझी काय चूक?

सकाळीच दारात जीप थांबली. प्रियांका गिरणीवर दळण घेऊन गेलती. जीपमधून एक मिशीवाले गृहस्थ उतरले, नागनाथराव म्हणून. संगं एक बाई, सुकेशनी नाव, परभणीची. पॅन्ट घातलेली, केस कापलेले. मी मनात म्हणलं, हे सासरे दिसतेत आणि ही नणंद. नणंद म्हणून बघितलं तर बरी वाटली. डोळ्यात खोट न्हाई. आल्या आल्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला, नाकाला पदर न्हाई लावला. पॅन्टला पदर कुठला म्हणा.

चुरमुऱ्याचा सुशीला केलता, तो दिला. आणि मी लागले पोरीचं गुणगान करायला. भाकरी अशी गोल करती म्हणलं, की चंद्रानं लाजावं. (राजेश्री, तू हसू नको. तिची भाकरी कशी होती ते आपल्यातच राहू दे.) मग मीच इचारलं, "तुमच्या घरात माणसं किती?"

"शिबिराच्या दिवसात तीसेक होतेत आजी," सुकेशनी म्हणली.

शिबिराचं माझ्या कानावर पडलं, ध्यानात न्हाई शिरलं. तीस माणसाचा स्वयंपाक, एवढंच शिरलं. म्हणलं, "जमीन?"

"जमीन न्हाई. येलदरीला धरणाच्या अंगानं एक जुनी इमारत घेतलीय, कौलं गळतेत जराशी."

जमीन न्हाई, घर गळकं, खायला तीस तोंडं. मला वाटलं, माझ्या गोपाळनं काय बघून ठरवलं असंल हे? पण तुझा मान राखायचा म्हणून गप बसले. तेवढ्यात ती बाई काय म्हणती, "पोरगी मे महिन्यात तीन आठवडे आमच्याकडं राहू द्या. तिला जमतंय का ते तिला बी कळंल, आमाला बी कळंल."

"लग्नाच्या आधी?" मी म्हणलं.

तिनं हातातली ताटली खाली ठेवली.

"बाई, आमच्यात असलं चालत न्हाई," मी म्हणलं. "आधी साखरपुडा तर होऊ द्या. आणि पोरगा कुठाय? त्याला का न्हाई आणला?"

नागनाथरावाला ठसकाच लागला. चुरमुरे मिशीत अडकले त्यांच्या. पार्वतीबाई भिंतीआडून ऐकत होतीच, ती तिकडून वरडली, "कस्तुरे, पाणी दे त्यांला पाणी!" आणि त्या गोंधळात दळणाचा डबा डोक्यावर घेऊन तुझी लेक दारात. "म्याडम, तुमी आलात?" म्हणली, आणि माझ्याकडं बघून म्हणली, "आजे, तू काय सांगितलंस यांला?"

काय सांगू गोपाळ, लाजून मेल्यासारखं झालं. पण ती सुकेशनी हसून हसून माझ्या मांडीवर टेकली. म्हणली, "आजी, इतके सवाल आमाला आजपर्यंत कुणीच न्हाई इचारले. अजून इचारा." मग काय, मी सोडते व्हय?

तर त्यांच्या शिबिराची रीत अशी हाय. भाषण न्हाई, फळा न्हाई. आज एकानं क्यामेरा धरायचा, दुसऱ्यानं लांब काठीला बांधून आवाज धरायचा, तिसऱ्यानं गोष्ट लिहायची. उद्या अदलाबदल. भांडी बी पाळीनं घासायची, पोरांनी सुद्धा. हे मला लय पटलं. शेवटाला समदे मिळून सिनेमा करतेत, आणि येलदरीत चादर बांधून कोळ्याबिळ्यांना, शाळेच्या पोरांना दाखवतेत. पोरी झोपतेत तिथं एक बाई मास्तरीण झोपती. ती कोण, कुठली, नवरा काय करतो, समदं इचारून घेतलं. सुकेशनी म्हणली, "सोयरीक करताना घर बघायला जातेत ना? तसं तुमी येऊन घर बघा, मगच पोरगी पाठवा."

पण प्रियांकाचं मन अजून सिनेमाच्याच दुसऱ्या एका शाळेत अडकलंतं. तिच्या सरांनी पुण्याची एक सांगितलीती. तिचा कागद गुळगुळीत, लग्नपत्रिकेवानी, वर मोठमोठ्यांचे फोटो. आठ दिवस उशाखाली घेऊन झोपायलीती. आता सुकेशनीच्या जागी मी असते तर पुण्यावाल्याची निंदाच केली असती. पण तीच म्हणली, "त्यांला बी इचारा. एवढंच इचारा, क्यामेरा पोरांच्या हातात किती येळ असतो."

लावला फोन. पुण्याचा माणूस गोड बोलला, आजी आजी करून. म्हणला, "आमच्याकडं नामांकित लोक येऊन बोलतात. मुलांनी फक्त शांत बसून ऐकायचं. शेवटच्या दिवशी सगळ्यांना कॅमेऱ्याला हात लावू देतो."

"हात लावायला काय देव हाय का त्यो?" मी म्हणलं. तो हसला, पण प्रियांका हसली न्हाई. फोन ठेवला तिनं. मग सुकेशनीनं काय केलं, आपल्या गळ्यातला क्यामेरा काढला आणि पोरीच्या हातात दिला. "संध्याकाळपर्यंत तुझा. वाटंल ते टिप." पडंल, फुटंल, कायबी म्हणली न्हाई. पोरीनं पिठाचे हात पुसले आणि क्यामेरा गळ्यात घातला.

मला बी दिला घटकाभर. मी म्हैस टिपली. अर्धी म्हैस आणि अर्धं माझं बोट. त्यात म्हैस अशी कान हलवती गोपाळ, की काय सांगू! रोज बघते मी तिला, पण अशी कधी बघितली न्हवती.

आणि असं समदं मजेत चाललं असताना मानवतची पांढरी गाडी आली.

बन्सीधरराव, त्यांची मंडळी आणि पोरगा. माणसं चांगली हायेत, मी न्हाई म्हणत न्हाई. गाडी सावलीत लावली, येताना खरबुजं आणली. पोरगा खाली मान घालून बसलेला. मला वाटलं त्याला बी कुणी इचारलं नसंल. मी पुन्हा सुशीला केला. जीपवाले उठायले, मी म्हणलं बसा, पाहुण्यानं पाहुण्याला लाजायचं न्हाई. म्हणून समदे एकाच सतरंजीवर. पार्वतीबाई म्हणती ना, की कस्तुरानं पाहुण्यांचा खिचडा केला, ते यावरून.

प्रियांकाला साडी नेसवायची होती ते राहूनच गेलं. ती आली ती तशीच, पिठाच्या कपड्यात, क्यामेरा डोळ्याला लावून. बन्सीधररावाच्या मंडळीनं पदर सावरला, मग म्हणल्या, "अगंबाई, आपण पोरीला बघायला आलाव का पोरगी आपल्याला बघायलीय?"

"आज तिचा नंबर हाय," मी म्हणलं. नागनाथराव मिशीत हसले. पोरगा बी हसला, पण बापाकडं बघून थांबला.

आता माझं डोकं त्या शाळंतून बाहेर आलंच न्हवतं बघ. सकाळपसून एकच सवाल तोंडात बसलेला. तोच मी बन्सीधररावाला इचारला, "पोरीच्या हातात काय देणार?"

त्यांला वाटलं दागिन्याचं इचारते. म्हणले, "तुमी म्हणाल ते घालू."

"घालायचं न्हाई, द्यायचं. हातात. तिनं करायचं असं काय?"

तर ते लय मायेनं म्हणले, गोपाळ, मनात काय पाप न्हाई त्यांच्या. "तिला कशाला करावं लागतंय मावशी? समदं आमीच बघतो. तिनं नुसतं बसायचं."

तिथून म्होरं मला नीट ध्यान न्हाई. मानवतचे चहा न घेता गेले. ऊन लय होतं.

खरबुजं गोड निघाली. राजेश्री, तुला आवडतेत म्हणून एक ठेवलंय, पण तू येईपर्यंत टिकतंय का बघ. म्हशीला दूध कमी हाय, उन्हाळाच हाय. आंब्याला यंदा मोहर बरा होता, वाऱ्यानं झडला.

ऊन होतं हे खरं, पण उन्हापायी न्हाई गेले ते. बन्सीधरराव जाताना म्हणले, "मग गोपाळरावांला काय निरोप द्यायचा?" मी म्हणलं, "निरोप मीच देते. पोरगी सोळाची हाय, तिला शिकायचंय. तुमच्या लेकाला दुसरी बघा." झालं. बोलून गेले. तुला न इचारता तुझ्या लेकीची सोयरीक मोडली मी. पार्वतीबाईचा जावई हेच सांगंल, फकत मीठ लावून.

तू रागावशील. रागाव. पण मला एक सांग, तुला एवढी घाई कशाची लागलीय ते मला कळत न्हाई असं वाटतंय व्हय? होळीला मला चक्कर आली, पोरीनं रडत फोन केला, तवापसून तुझे हे पाहुणे सुरू झाले. तुमी दोघं तिकडं कंपनीत, आईचा भरवसा न्हाई, पोरगी एकली पडंल, आत्ता ठरवून ठेवावं, लगीन अठरा झाल्यावर. असंच ना? अरं, डॉक्टर म्हणला रगत कमी हाय, गोळ्या घ्या. घ्यायलेय मी. मी मरायची घाई केली न्हाई, तू बी करू नको.

आणि ती तीन आठवडे गेली तर घर मला खायला उठंल, ते काय मला कळत न्हाई? कणगीआड बसून रडंन मी. तरी म्हणते, जाऊ दे. येलदरीलाच. पुण्याचा कागद तिनं आपल्या हातानं उशाखालून काढला, त्यावर आता मेथी निवडती.

पण सुकेशनी पक्की हाय. म्हणली, "आजीचा होकार मला पोटभर मिळाला, पण बापाचा तोंडानं पाहिजे. मागून भांडण नको, पोरीचं मन मोडतंय त्यानं." पोरगी तवापसून तुला फोन लावती आणि वाजायच्या आधी कट करती. मला म्हणती, "आजे, बाबा न्हाई म्हणले तर?" मी म्हणलं, तुझा बाप माझ्या पोटचा हाय. पण मला बी ठावं न्हाई तू काय म्हणशील. खरंच न्हाई.

म्हणून इकडं ये. फोनवर हो म्हणू नको, न्हाई बी म्हणू नको. ये, सतरंजीवर बस, त्यांला काय इचारायचं ते तुझ्या तोंडानं इचार. मग न्हाई म्हणलास तर मी एक शब्द बोलणार न्हाई. जिवावर यील, पण न्हाई बोलणार.

तुझ्या रागाला बी आणि तुला बी जेवायला वाढणारी,
तुझी आई
कस्तुराबाई

मानवतचे पुन्हा येतो म्हणले न्हाईत. येलदरीवाले येत्या बुधवारी येतो म्हणून गेलेत, सकाळच्या जेवणाला.