भिंतीपलीकडून पाहिलेली फायनल

शहापूर, बेळगाव
१८ जानेवारी २०२१

चि. राजू, तुला आणि राणीला आक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आम्ही बरे आहोत म्हणायचं. घरात एकच फोन, तो दिवसभर ह्यांच्या हातात. म्हणून ह्यांना न सांगता पत्र लिहितेय. माग बंदच आहेत. लग्नं लागतात ती मूठभर माणसांत, साड्या कोण घेतंय? हे सकाळी मागावरची धूळ झटकतात आणि उंबऱ्यावर बसून राहतात. तोंडात एकच विषय. मंथन तुमच्याकडं राहून तुझ्या फुटबॉलच्या संघातनं खेळाय लागला, आणि बापाला एक मॅच बघाय मिळंना. मैदानात माणसं कधी सोडणार, हे त्यांनी काल दूधवाल्यालाही विचारलं. तो बिचारा काय सांगणार!

तू स्पर्धेचा सेक्रेटरी. एका माणसाला कोपऱ्यात बसवलं तर काय बिघडतंय? पोराचा बाप आहे तो.

मंथन तिकडं जाऊन गुबगुबीत झालाय म्हणे. राणीला सांग, लाड आवर. त्याला पळायचं असतंय.

लोभ आहेच, तो वाढता राहू दे.
तुझी आक्का, मनिषा

निपाणी
२६ जानेवारी २०२१

ती. आक्काच्या पायांशी राजकुमारचा नमस्कार. वि. वि.

मंथन मजेत आहे. राणीनं तुझा निरोप ऐकला आणि त्याच दिवशी त्याला दोन भाकरी जास्त वाढल्या.

दाजींचं मात्र माझ्या हातात नाही गं. खेळाडू, पंच आणि कमिटी सोडून आत कुणी नाही, या अटीवर पोलिसांनी स्पर्धेला परवानगी दिलीय. खाली माझी सही आहे. दाजींना आत घेतलं तर उद्या प्रत्येक पोराचा बाप गेटवर उभा राहील, आणि कुणाला काही झालं तर मी काय तोंड दाखवू? माणसं कधी सोडणार ते मलाही ठाऊक नाही. कुणी पाडव्यानंतर म्हणतं, कुणी सगळ्यांना लस मिळाल्यावर.

आम्हालाही गोड लागत नाही. मैदान इतकं गप्प असतं की बूट घासल्याचा आवाज येतो. परवा मंथन गोल मारून दोन्ही हात वर करत वळला. समोर बघायला कुणी नाही. पोरानं हळूच हात खाली घेतले.

दाजींना म्हणावं, एवढी कळ काढा. रागावू नकोस, माया कमी करू नकोस.
तुझा राजू

निपाणी
१५ मार्च २०२१

ती. आक्कास सप्रेम नमस्कार. वि. वि.

मंथनचा संघ जिंकला. दाजींनी घरी आल्यावर सांगितलंच असेल, पण सगळं सांगितलं नसेल, म्हणून लिहितोय.

काल फायनलला ते गेटवर आले. बसनं आलतो म्हणाले. मी हात जोडले, दाजी, आत सोडता येत नाही. ते हसले. लई कडक झालायस की रं, एवढंच म्हणाले आणि मागच्या गल्लीत गेले. तिथली गर्दी तू बघायला हवी होतीस. भिंतीवर, गच्चीवर, उसाच्या ट्रॉलीवर माणसाला माणूस चिकटलेला. तोंडाला फडकं कुणाच्याच नाही. दाजी ट्रॉलीवर दोघांच्या मधे अडकून उभे होते. मंथन त्या बाजूला कॉर्नर मारायला गेला तेव्हा बापाची हाक त्याला ऐकू आली. त्यानं मान वर केली, आणि दाजी असे ओरडले की गेटपाशी मला आवाज आला.

पुढच्या वर्षी त्यांना मी स्वतः खुर्ची टाकून बसवीन. त्यांची समजूत काढ आणि मलाही तुझ्या मायेत ठेव.
राजू

शहापूर
२० एप्रिल २०२१

चि. राजूस,

हे गेले ते फोनवर तुला कळलंच.

निपाणीहून आले तेव्हा घसा बसला होता. पोरासाठी ओरडून बसला असंल म्हणून मी मिठाच्या गुळण्या दिल्या आणि हसले. दोन-चार दिवसांत ताप चढला. दवाखान्यात नेलं तेव्हा स्वतः चालत आत गेले. पायरीवर वळून मला म्हणाले, तू नको आत येऊ, लागंल तुला. त्यांना बघितलं ते तेवढंच. नंतर मंथनला देह लांबून दाखवला. तोंड दिसलं न्हाय.

त्या गल्लीतली आणखी माणसं आजारी पडली, असं राणीनं सांगितलं. आत सगळं मैदान मोकळं होतं, राजू.

बाराव्याला येऊ नकोस. बंदी आहे म्हणून सांगत नाही.
मनिषा

निपाणी
१३ फेब्रुवारी २०२२

ती. आक्कास राजकुमारचा नमस्कार. वि. वि.

दसऱ्याला लिहिलं, दिवाळीला लिहिलं. तुझी ओळ आली नाही. तरी दिवाळीनंतर मंथनला पुन्हा खेळायला पाठवलंस, त्यावर दिवस काढतोय.

मैदान खुलं झालं. यंदा माणसांना आत घ्यायचं ठरलंय, आणि कमिटी म्हणते कप दाजींच्या नावानं ठेवू. तुझ्या होकाराशिवाय मी ठेवणार नाही.

मी नियम पाळला. त्यांना आत घेतलं असतं तर ते त्या एवढ्या मोठ्या मैदानात एकटेच बसले असते, हेही मला कळतं. सेक्रेटरीपद सोडलं होतं, पोरांनी पुन्हा गळ्यात घातलं. गेटवर उभं राहायला आता दुसऱ्याला पाठवतो.

आक्का, शिव्या दे, पण लिही.
राजू

शहापूर
२१ मार्च २०२२

चि. राजूस आशीर्वाद. वि. वि.

कपावर नाव घालू नका. दर वर्षी कुणीतरी ते उचलून नाचणार, मला बघवायचं न्हाय.

काल फायनलला मी आले होते. मंथनला सांगितलं नव्हतं, तुला तर नाहीच. बायकांच्या पलीकडं गर्दीत बसले. केवढी माणसं! आधी जीव घाबरला, उठून जावंसं वाटलं. मग मंथननं समोरचा मोकळा गोल घालवला आणि सगळं मैदान त्याच्यावर खेकसलं. माझ्या शेजारच्या दाढीवाल्यानं त्याला आईवरून शिवी दिली. ती आई शेजारीच बसलीय, हे त्याला काय ठाऊक? मला हसू आलं. वर्षात पहिल्यांदा. मग वाटलं, हे असते तर त्या माणसाची गचांडीच धरली असती, आणि पदर तोंडात धरून बसले. तो माणूस घाबरला. पाणी देऊ का मावशी, म्हणाला. दिलं, मी प्याले.

तू लांब पाठमोरा उभा होतास. हाक मारावीशी वाटली, मारली नाही.

राजू, तू चुकलास असं मला म्हणता येत नाही आणि बरोबर होतास असंही म्हणवत नाही. राग आहे. तो जाईल असं वाटत नाही. पण पुढच्या महिन्यात ह्यांचं वर्षश्राद्ध आहे, आणि पान मांडायला मला माझा भाऊ लागतो. राणीला घेऊन ये. मी फार बोलणार नाही. तू जेवून जा.
आक्का