कोरी उशी

सुखदेव भाऊजी,

मी डॉक्टरले आणाले सौंसरले जाऊन राहिली. टीबीच्या लाल गोळीनं आसूही नारिंगी होतात, हे तुमच्या दादाले माहीत नाही. 'मी कुठी रडतो?' म्हणतात, अन् मी रोज उशीचे डाग धुते.

आज उशी पांढरी दिसली. बरं वाटलं. हात लावला, तर ओली होती. म्हणजे गोळी पोटात गेलीच नाही. वळून पाहिलं, तर ते माह्याकडे पाहून हसून राहिले होते. किती महिन्यांनी!

ताट दारातून सरकवू नका, जवळ बसून जेवा. विहिरीचा दोर मी संगं नेला. ते हसून म्हणतील, 'जा वावरात, मी बरा आहो.' तरी उठू नका.

वहिनी