दोन कॅमेऱ्यांतले अब्बा

अब्बा, तुमचा उजवा पाय गुडघ्याखाली कापलेला होता, हे मला काल दुपारी कळलं. तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर. इथे सौदीत, खमीस मुशैतच्या तुमच्याच फोटोच्या दुकानात, तुम्ही गिऱ्हाइकाला बसवायचात त्या फिरत्या स्टुलावर बसून कळलं. तेव्हापासून मी नीट जेवलेलो नाही. आता सकाळ आहे, दुकानासमोरच्या बुफियात, म्हणजे चहाच्या टपरीत, बसलोय, चहाचा तिसरा कागदी कप चाललाय, डोंगरावरून ढग पार रस्त्यापर्यंत उतरलेत. आमच्या गाडीचा ड्रायव्हर दोनदा हॉर्न मारून गेला, यल्ला, चल, रियाधला निघायचंय. चिठ्ठी लिहितोय म्हटलं तर हसला. "किसको लिखता है रे आजकल चिठ्ठी?" बापाला म्हटलं. मग काच वर केली बिचाऱ्याने, त्याला वाटलं घरी काहीतरी झालंय. झालंयच तसं.

नीट क्रमाने सांगतो. मला क्रमाने सांगता येत नाही, शाळेतही निबंध गाईवर सुरू करून मी बैलगाडीच्या चाकावर संपवायचो. दहावीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. मग महाडला गॅरेज, मुंबईत लग्नाच्या व्हिडिओवाल्याच्या हाताखाली, एक वर्ष गोव्यात, आणि आता तीन वर्षं इथे. तुम्ही होतात त्याच मुलखात, फक्त तुम्ही एका गल्लीत सगळी नोकरी काढलीत आणि मी एका जागी महिनाभर टिकत नाही. कंपनी कार्यक्रमांचे फोटो काढते, आज हाइल, उद्या आणखी कुठे. आणि अब्बा, मी कॅमेरा घेतलाय. मोठा. गळ्यात घातला की मान वाकते असा, आणि त्यावरची लेन्स तर त्याहून भारी. किंमत सांगत नाही, तुम्ही कबरीत उठून बसाल.

तुमचं माझं याच गोष्टीवरून वाजलेलं, आठवतं? मी दहा वर्षांचा असेन. तुम्ही सुट्टीवर आला होतात, दुकानाचा मोठा कॅमेरा बरोबर आणला होतात, गावातल्या एका लग्नासाठी. तुम्ही नमाजला गेलात आणि मी तो उचलला, लेन्सवर बोट लावलं. परत येऊन तुम्ही माझ्या कानाखाली दिलीत, अम्मी चुलीपुढून ओरडली, "पोराला मारता काय मशीनसाठी?" आणि तुम्ही म्हणालात, "मशीन महाग आहे म्हणून नाही मारलं. ह्याला वाटतं मशीन फोटो काढतं, म्हणून मारलं." मग परत गेल्यावर कुणाच्या तरी हाती माझ्यासाठी प्लॅस्टिकचा कॅमेरा पाठवलात. रिळांच्या खोक्याबरोबर फुकट मिळायचा तसला. ना फोकस, ना काही. दाबायचं आणि चावी फिरवायची. मी तो मोहल्ल्यात कुणाला दाखवलासुद्धा नाही, एवढी लाज वाटली. फोटोग्राफरचा पोरगा आणि हातात खेळणं.

म्हणून मी मोठा झालो आणि मोठं मशीन घेतलं. हेही तुम्हाला दाखवायलाच घेतलं बहुतेक, तुम्ही नसताना.

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी अल खर्जला गेलो होतो. तिथल्या डेअरीवर आपल्या गावचे पाच-सहा जण आहेत, गाईंची धार काढायची यंत्रं सांभाळतात. म्हणाले, घरी पाठवायला फोटो काढ. मी बॅग उघडली तर एकजण म्हणतो, "तोफ आणलीस का रे? कुणावर डागायचीय?" दुसरा म्हणाला, "एवढ्या नळीतून माझं नुसतं नाकच येईल, जरा लांब उभा राहा." मी दिवसभर राबलो, अब्बा. खिडकीचा उजेड घेतला, एकेकाला खाटेवर बसवलं, लेन्स पूर्ण उघडी ठेवली. म्हणजे डोळ्यांची पापणी न् पापणी दिसते आणि मागचं सगळं विरघळून जातं, दुधात साखर विरघळावी तसं. सगळे खूश. संध्याकाळी एकाच्या आईचा फोन आला, त्याने स्पीकरवर टाकला. ती म्हणाली, "फोटो गोड आलाय रे. पण मागे ते धुकं कसलं? थंडी पडलीय काय तिकडे? तुझी खाट कुठाय? मी गोधडी दिलेली ती अंगावर घेतोस का कुणाला देऊन टाकलीस?" सगळे हसले. मीही हसलो. गावची बाई, तिला काय कळतंय, असं मनात म्हटलं.

तिला कळत होतं. आपल्याकडे फोटो बघत नाहीत, वाचतात, हे मी विसरलो होतो. इथून कुणाच्या हाती पाकीट यायचं, त्यात खजूर, अत्तर आणि एक फोटो, आणि घरापुढची अख्खी ओटी बायकांनी भरून जायची. फोटो हातोहात फिरायचा. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात गेलाय, म्हणजे वाळलाय. मागे दोरीवर तीनच शर्ट आहेत. भिंतीला पंखा आहे, एसी नाही, मग पत्रात एसी लिहिलं ते खोटं. अशा बायकांसाठी मी मागचं सगळं पुसून टाकलं, आणि वर त्याला कला म्हटलं.

तुमचे फोटो मात्र वाचता यायचे नाहीत. दर ईदला एक यायचा, दुकानातल्या मोठ्या कॅमेऱ्याने काढलेला. निळा पडदा, काळा कोट, खुर्चीत बसलेले तुम्ही, कमरेच्या वरचे. तो कोट काल मी पाहिला, अजून तिथेच लटकतोय. इकाम्याच्या, इथे राहायच्या परवान्याच्या, फोटोला जो येईल त्याच्या अंगावर चढतो, आणि मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावून आवळतात, म्हणजे समोरून मापाचा दिसतो. फोटोत तुम्ही काय दिसायचात, अब्बा! चेहऱ्यावर उजेड, डोळ्यांत चमक, एक सुरकुती नाही. शेवटची तीन वर्षं तुम्ही घरी आलाच नाहीत. कफील, म्हणजे व्हिसावाला मालक, सुट्टी देत नाही, एवढंच सांगायचात. आणि अम्मी तो फोटो हातात धरून म्हणायची, "बघा, तब्येत कशी मस्त आहे. मग यायला काय होतंय ह्या माणसाला?" तुमच्याच चांगल्या फोटोने तुम्हाला गुन्हेगार ठरवलं. शेवटच्या ईदला तुमचा फोन आला, अम्मीने घेतला नाही, मला दिला. मी तेरा वर्षांचा. मी म्हटलं, "येऊच नका आता. तुमचा कॅमेरा सांभाळत बसा तिकडेच." तुम्ही म्हणालात, "अभ्यास करतोस ना?" आणि दोन महिन्यांनी खबर आली, हार्ट बंद पडलं, तिकडेच दफन केलं. अम्मीने इद्दत पाळली, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडली नाही, रडली, आणि तुमचे सगळे ईदचे फोटो पेटीच्या तळाला पालथे घातले. ते अजून पालथेच आहेत. तिला अजून वाटतं, तुम्हाला आम्ही नको होतो.

काल कंपनीचं काम दुपारी संपलं. तुमची गल्ली शोधत गेलो तर नमाजची वेळ, शटर खाली. पायरीवर बसलो. शटर उघडायला जे आले ते अम्मीच्या माहेरगावचे, दुकानातले तुमचे जोडीदार. त्यांना मामूच म्हणायला हवं. दाढी पांढरी झालीय. दुकानात आता मोबाईलची कव्हरं आहेत, फोटोला फक्त मागचा कोपरा उरलाय. त्यांनी मला बघितलं आणि नाव न विचारता म्हणाले, "बस. बापासारखाच उभा राहतोस, एका पायावर भार देऊन." मी हसून म्हटलं, अब्बा असे उभे राहायचे? तर म्हणाले, "आधी सवय होती. नंतर इलाजच नव्हता."

मला वाटलं म्हातारा काहीतरी बरळतोय. म्हटलं, नंतर म्हणजे? त्यांनी हातातलं कुलूप काउंटरवर ठेवलं. "तुम्हाला अजून माहीत नाही?" म्हणाले. "पंधरा वर्षं झाली रे. मला वाटलं मौतीच्या कागदावरून तरी कळलं असेल." मी म्हटलं, कागद अरबीत होता, मामू. आमच्या घरात अरबी फक्त कुराणाची वाचतात.

मग त्यांनी सांगितलं. साखर. बोटाला जखम, मग पाऊल, मग पाय. तुम्ही इस्पितळातून आलात आणि पहिली गोष्ट म्हणजे त्यांच्याकडून वचन घेतलंत, घरी सांगायचं नाही. "मी त्याला म्हटलं, घरी जा," मामू म्हणाले. "तर म्हणतो, तिला कळलं तर खलास, पहिल्या विमानाने बोलावणार. मग पोरांनी खायचं काय? इथे मला बसून काम करता येतं. मी म्हटलं, ती माझी गावबहीण आहे, तिच्याशी मी खोटं बोलू? तर हा म्हणतो कसा, तू बोलूच नको, फोटो बोलेल." आणि दर ईदला तुम्हाला खुर्चीत बसवून, कोटाला चिमटे लावून, मामूंनीच बटण दाबलं. उजेड तुम्ही स्वतः लावायचात. कुबडी पडद्याआड.

त्यांनी खणातून एक पाकीट काढलं. त्यात एकच फोटो. तसल्याच फुकटच्या प्लॅस्टिक कॅमेऱ्याचा, जो तुम्ही मला पाठवला होतात. तुम्ही पण एक ठेवला होतात म्हणे. "रिळात एक शिल्लक होता," मामू म्हणाले. "म्हणाला, माझा एक काढ, आहे तसा. का, ते मी विचारलं नाही."

फोटो म्हणून रद्दी आहे, अब्बा. फ्लॅश तोंडावर मारलेला, डोळे लाल, फ्रेम वाकडी. पण काही लपलेलं नाही, जवळचं नि लांबचं सगळं सारखंच दिसतंय. पडद्यामागची खाट. म्हणजे तुम्ही तिथेच झोपायचात, खोली होती ते पण खोटं. दूध पावडरचा डबा, लोणच्याची बाटली तळाला लागलेली, भिंतीला टेकलेली कुबडी. खाटेखाली एकच बूट. आणि तुम्ही खाटेवर बसलेले, उजव्या पायाची पॅंट वर दुमडून चिमट्याने बंद केलेली. कोटाचाच चिमटा. आणि तुम्ही हसताय. मोठ्या कॅमेऱ्याच्या एकाही फोटोत तुम्ही हसलेले नाहीत.

मला राग आला, तुमचा, त्यांचा, मग आमचा. तीन वर्षं आम्ही ज्या माणसाला शिव्या देत होतो तो पडद्यामागे एका पायावर उड्या मारत आमचं घर चालवत होता. आणि मला हेही डोक्यातून जाईना की तुम्ही माझ्या कानाखाली मारून जे शिकवलंत ते पुरतं खरं नव्हतं. मशीनही फोटो काढतं, अब्बा. चांगलं मशीन फार चांगला फोटो काढतं. त्या साध्या डबड्याने तुम्हाला असं लपवता आलं नसतं.

मामू म्हणाले, "आता तू दाखव तिला. माझं वचन त्याला होतं, तुझं काही नाही." म्हणाले, "तिने त्याला माफ केलं पाहिजे रे, मरायच्या आधी. तिच्यासाठी सांगतोय, त्याच्यासाठी नाही." एवढंच काय ते त्यांचं म्हणणं. अम्मीला हा फोटो बघायला मिळाला तर पंधरा वर्षांचा राग जाईल, आणि त्याच्या जागी जे येईल ते तिला झेपेल का, हे मला कळत नाही. तिलाही आता साखर आहे. पायाला जखम झाली की दाखवत नाही, तुमच्यासारखीच.

तरी मी काढला. फोटोचा फोटो. खिडकीपाशी काउंटरवर ठेवला, मोठा कॅमेरा काढला, नीट उजेड घेतला. स्क्रीनवर बघितलं तर तुम्ही छातीपर्यंतच आला होतात. चेहरा, हसू, मागे थोडा पडदा. पाय फ्रेमच्या बाहेर. म्हटलं हात हलला. पुन्हा काढला. तिसऱ्यांदा काढला. तिन्ही वेळा तसंच. हाताने चूक केली असं लिहिणार होतो, पण तीनदा हात चुकत नाही.

हे पत्र कुठे टाकणार मी? इथे कबरीवर नावसुद्धा नसतं, मामूंनी हातानेच दाखवलं, तिकडे कुठेतरी, भिंतीजवळ. ड्रायव्हर आता गाडीतून उतरून माझ्याकडे येतोय, कागद घडी करून बॅगेत घालतो.

एक सांगायचं राहिलं. त्या तिनातला एक मी काल अम्मीला पाठवला. तिने लगेच फोन केला. म्हणाली, "कसा हसतोय बघ. मजेत होता तुझा बाप तिकडे." मी म्हटलं, हो.